बावीस मैत्रिणी

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची मंडळे असतात. त्यांना तिथे ‘सोरोरिटी’ म्हणतात. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात १९०८ पासून असे एक मंडळ होते. त्यातल्या २२ जणींना वाटले, नुसत्या मैत्रीवर आणि मेळाव्यांवर थांबायचे नाही, समाजासाठीही काही करायचे. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केले. हॉवर्डची ‘अल्फा’ ही त्याची पहिली शाखा.

दोन महिनेही झाले नव्हते. ३ मार्चला राजधानीत स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोर्चा निघाला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, अशी सूचना संयोजकांकडूनच आली. हक्क मागणाऱ्यांतही हा भेदभाव! तरीही या मुली आपला फलक घेऊन निघाल्या. ज्येष्ठ कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल त्यांच्यासोबत चालल्या.

१९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

लेक मैत्रिणींसोबत निघाली की आपण विचारतो, “कुठे चाललीस? कोण कोण आहे?” जरूर विचारावे. पण कधी हेही विचारू या : “तुम्ही सगळ्या मिळून काय करणार आहात?”