मावा आणि मोजणीची शिस्त

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड उतरली, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने तिच्या वार्तांनी भरून गेले. गव्हावरील मावा मात्र गाजावाजा न करता येतो आणि तसाच जातो. टोळांनी फस्त केलेले शेत डोळ्यांना दिसते. मावा दाण्याचे वजन चोरतो आणि ती चोरी मळणीनंतर तराजूलाच कळते. तेव्हाही दोष दिला जातो तो थंडीला किंवा बियाण्याला.

हा कीटक अगदी इवलासा असतो. त्याची मादी नराविना थेट पिलांना जन्म देते आणि ही पिले थोड्याच दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. गव्हाची ओंबी बाहेर पडून दाणा भरू लागतो, नेमक्या त्याच दिवसांत ओंबीवर व शेवटच्या पानावर बसून मावा रस शोषतो. दाण्याच्या वाट्याची साखर त्याच्या पोटी जाते; त्याने टाकलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि पानाला सूर्यप्रकाश पारखा होतो. दाणा बारीक राहतो. उशिरा पेरलेल्या आणि नत्र खत अतोनात दिलेल्या पिकावर हे संकट अधिक ओढवते.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे फवारणी. परंतु सरसकट फवारणीने ढालकिडा, क्रायसोपा हे माव्याचे भक्षकही मरतात आणि राखणदार नाहीसे झाल्यावर मावा पुन्हा बळावतो. दाणा पक्व होऊ लागल्यावर केलेली फवारणी तर निव्वळ खर्च होय. म्हणूनच शास्त्रज्ञ ‘आर्थिक नुकसानीच्या पातळी’चा आग्रह धरतात: आधी कीड मोजा, मग औषध काढा.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन संस्थेचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. माव्याला पळवून लावणारा गंध स्वतःच सोडील असा गहू तेथे जनुकीय तंत्राने घडविण्यात आला. प्रयोगशाळेत तो यशस्वी ठरला. २०१२ व २०१३ मधील शेतावरील चाचण्यांत मात्र मावा कमी झाला नाही, हे २०१५ मध्ये संस्थेने प्रांजळपणे प्रसिद्ध केले. त्याच संस्थेचे चाळीस फूट उंचीचे हवाशोषक सापळे १९६४ पासून उडता मावा मोजत आले आहेत आणि त्यावरून शेतकऱ्यांना आगाऊ सूचना मिळते. चमत्कार फसला, मोजणी टिकली.

महाराष्ट्राचे गव्हाचे हेक्टरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्याला पाणी, उष्णता, जमीन अशी मोठी कारणे आहेत, हे खरे. पण ज्याचे उत्पन्नच तुटपुंजे, त्याला त्यातील लहानशी घटही जिव्हारी लागते. पीक विम्याची भरपाई बहुधा मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. एकट्याच्या शिवारातील मूक तूट त्या सरासरीत बुडून जाते.

आपल्याकडे कीड-सर्वेक्षणाची ‘क्रॉपसॅप’ योजना २००९ मध्ये सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा अशा पिकांपासून सुरू झाली. गव्हाच्या शिवारातही तीच शिस्त रुजली पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीत सहायक कृषी अधिकाऱ्याने दर आठवड्याला ठरावीक शेतांतील मावा मोजावा आणि तो आकडा गावाच्या फलकावर लागावा. असे झाले, तर औषधाच्या दुकानदाराचा सल्ला हाच शेतकऱ्याचा एकमेव आधार उरणार नाही. गावच्या शाळेतील मुलांनाही ही मोजणी शिकविता येईल. शेतकऱ्याला अनुदान देणाऱ्या शासनाने त्याला वेळेवर एक आकडाही द्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.