छत्तीस गुण आणि एक अक्षर

सकाळची शेंद्र्याची कंपनी बस. शेजारचा मित्र एकदम गप्प. मूळ चंद्रपूरचा, लग्न ठरत आलंय, पत्रिकाही मस्त जुळलीय. मग प्रॉब्लेम काय, बॉस? रक्ताचा रिपोर्ट : सिकलसेलचा 'वाहक'. 'तिला सांगू कसं, यार?'

थांबा, फंडा सोपा आहे. एमआयडीसीत प्रत्येक कंपनीचा प्लॉट नंबर असतो ना, तसा जीनचाही पत्ता असतो. २३ गुणसूत्र-जोड्या, एका संचात डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं. हिमोग्लोबिनचा एक जीन अकराव्या गुणसूत्रावर. तिथं एकाच अक्षराची अदलाबदल, 'ए'च्या जागी 'टी', की सिकलसेलचा बदल झाला. जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच असा बदल असेल, तर माणूस वाहक, सहसा ठणठणीत. पण दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. विदर्भात, नंदुरबारकडे हा बदल बराच आढळतो.

म्हणजे लग्न मोडायचं? छे! आधी तिचीही टेस्ट, मग डॉक्टरांचा सल्ला.

दुपारी त्यानं धीर करून फोन केला. परतीच्या बसमध्ये तिचा मेसेज दाखवला : 'उद्या टेस्ट करते. तू सोबत ये.'

पत्रिकेत हा गुण कुठे मोजतात हो?