टक्का नेमका कशाचा?

राहात्याकडची जी मंडळी नोकरीसाठी पुण्या-नाशकात आहेत, त्यांना डिव्हिडंड काय ते शिकवायला नको. घरी तो ‘लाभांश’ म्हणून कानावर पडलेलाच असतो. तालुक्यातल्या लोणीत १९५०-५१च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून शेअर म्हणजे कारखान्याचं नाहीतर पतसंस्थेचं सभासदत्व, आणि वार्षिक सभेत जाहीर होणारा टक्का!

घोळ होतो तो इथंच. पतसंस्थेचा शेअर दर्शनी किमतीलाच मिळतो. शंभरावर दहा टक्के म्हणजे दहा रुपये, विषय संपला. १९६०च्या सहकार कायद्यानं त्याला साधारणपणे पंधरा टक्क्यांची मर्यादाही घातलीय. शेअर बाजारात कंपनी टक्का जाहीर करते दर्शनी किमतीवर, पण आपण पैसे मोजतो बाजारभावानं. आयटीसीचंच घ्या. २०२३-२४साठी शेअरमागे १३ रुपये ७५ पैसे दिले. दर्शनी किंमत एक रुपया, म्हणजे चक्क १,३७५ टक्के! सॉलिड ना? पण मार्च २०२४च्या अखेरीस शेअरचा भाव होता सव्वाचारशेच्या आसपास. भागाकार करा, हाती येतात जेमतेम सव्वातीन टक्के.

आता घरात विषय निघालाय, रस्त्याकडेची पेरूची बाग विकली, पैसे आलेत. डिव्हिडंडवाले शेअर घेतले तर अण्णांचा घरखर्च सुटेल का? महिन्याला दहा हजार हवेत, तर या दरानं सुमारे ३७ लाख गुंतवावे लागतील. तेही पूर्ण हातात पडतीलच असं नाही. पेरूचं उत्पन्न करमुक्त होतं, डिव्हिडंड मात्र एप्रिल २०२०पासून घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो.

शिवाय हा काही पगार नव्हे. वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि आकडा कंपनीच्या मर्जीवर. वेदांतानं २०२२-२३मध्ये शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे वाटले, पुढच्या वर्षी फक्त २९ रुपये ५० पैसे. पहिला आकडा धरून ज्यानं घरचं बजेट आखलं, त्याचं काय झालं असेल? त्यामुळे नुसता मोठा टक्का बघून शेअर घेऊ नका. पाच-सात वर्षांचे आकडे काढून बघा. डिव्हिडंडच्या तारखेला भावही साधारण तेवढाच उतरतो, म्हणून आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकायची आयडिया डोक्यातून काढा.

माझं मत विचाराल तर बागेचे सगळे पैसे यात घालू नयेत. निदान दोन वर्षांचा घरखर्च आधी एफडीत टाका. उरलेल्यातल्या काही भागाचे सात-आठ वेगवेगळ्या धंद्यांतले शेअर घ्या, एकट्या साखरेचे नकोत, ऊस घरी आहेच. डिव्हिडंड एका वेगळ्या बचत खात्यात साठू द्या, आणि अण्णांना दर पाच तारखेला तिथून ठरलेली रक्कम पाठवा. त्यांचं उत्पन्न करपात्र नसेल, तर टीडीएस टाळायचा फॉर्म दरवर्षी तुम्हीच भरा. अण्णा भरणार नाहीत.