यंत्रसंवाद : चाकांआडचा आवाज

खानापूर तालुक्यातील एका वाचकबंधूंचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरी वडिलांच्या काळातली, चारी चाकांना गती देणारी जुनी जीप आहे. काजूची पोती वाहणे, रानातल्या वाटेने शेतावर जाणे आणि ऐन पावसात घरातील आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचविणे ही कामे ती अजूनही करते. गेले काही महिने तिच्या मागल्या अंगाकडून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला आहे. एक मिस्त्री म्हणतात, मागचा ॲक्सल सगळाच बदला. दुसरे म्हणतात, जुन्या बाजारातून क्राउन-पिनियनची जोडी आणा, एका दिवसात बसवून देतो. आणि घरातील मंडळी म्हणतात, आता ही जीप मोडीत घालावी. कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्या मते प्रथम गाडीचेच ऐकावे.

बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली सुटी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, ते कापते. आतले चाक सावकाश फिरते. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाने फिरवायचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर वळणावर त्यांतील एकाला रस्त्यावर घासत जावे लागेल. हा पेच फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी सोडविला, आणि त्याचीच योजना आजही आपल्या गाड्यांत आहे. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट टेल-पिनियन हे लहान दातेरी चाक फिरवितो. ते क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरविते. क्राउनला जोडलेल्या पेटीत स्टार आणि सन अशी लहान चाके असतात. सरळ रस्त्यावर ती पेटीबरोबर एकजिनसी फिरतात. वळण आले की आपसात फिरून एका चाकाची गती जेवढी घटते तेवढीच दुसऱ्याची वाढवितात.

जीपमध्ये असे दोन डिफरन्शियल असतात, एक पुढे व एक मागे. परंतु पुढचा आणि मागचा यांच्या मध्ये तशी तडजोड घडवून आणणारे काहीही नसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

आता आवाजाकडे वळू. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो. डांबरी रस्ता सोडून मातीवर गेल्यावर आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा असतो. तसे नसेल तर सपाट व मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास न्यावी. प्रथम ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवावा, मग गियर न काढता पाय उचलून गाडी ओसरू द्यावी, आणि शेवटी वेग स्थिर ठेवून ऐकावे. इंजिनाचा जोर असतानाच आवाज येऊन पाय उचलताच थांबला, तर क्राउन-पिनियनच्या दातांची जोर घेणारी बाजू झिजली आहे किंवा त्यांची बैठक बिघडली आहे, असा संशय घ्यावा. उलट पाय उचलल्यावर आवाज वाढत असेल, तर पिनियन सैल झाल्याची शक्यता अधिक. जोर असो वा नसो, आवाज सारखाच राहिला तर दोष बहुधा बेअरिंगचा. त्यातही सूर ओळखावा. पिनियन चाकापेक्षा सुमारे पाचपट वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक व चढा असतो. चाकाच्या किंवा क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगचा आवाज जाड, घरघरता असतो. फक्त वळणावरच कुरकुर होत असेल, तर स्टार-सनची लहान चाके व त्यांचे वॉशर पाहावेत. गाडी पुढे-मागे घेताना 'खट्' असा एकच ठोका बसत असेल, तर डिफरन्शियल उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट हलवून पाहावेत. ते जॉइंट बदलणे अगदी किरकोळ काम आहे.

येथे एक चकवा आहे. जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकांना सोडविणारे हब मुळात नव्हते. त्यामुळे गाडी दोन चाकांवर चालत असली, तरी पुढचा क्राउन-पिनियनही चाकांबरोबर फिरतच असतो आणि तोही आवाज करू शकतो. बंद गाडीत तो मागून आल्यासारखाही भासतो. मागाहून लॉक-हब बसविलेले असतील, तर ते मोकळे करून तोच रस्ता पुन्हा चालावा. आवाज थांबला तर दोष पुढे आहे, मागे नव्हे.

यानंतर तेल. भरण्याच्या बुचाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असले पाहिजे. खालून काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात लोहचुंबक फिरवावा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप येणे हे वयाचे लक्षण आहे, त्याने घाबरू नये. चकाकणारे कण किंवा बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर मात्र गाडी तेथेच उभी करावी. दाताचा एक तुकडा दोन चाकांमध्ये सापडून डिफरन्शियल जखडला, तर चोर्ला वा आंबोलीच्या घाटात मागची चाके अचानक अडतील, आणि मग स्टिअरिंग हाती असून नसल्यासारखे होईल. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे.

पुढची तपासणी गाडीखाली जाऊन करावयाची असल्याने आधी एक धोक्याची सूचना. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचे चाक जॅकने उचलले की, शाफ्ट अडलेला असूनही डिफरन्शियल आपले मूळ काम करतो. उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक गाडीसह पुढे सरकते. म्हणून हँडब्रेकवर विसंबू नये. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडणी लावावी आणि ॲक्सलखाली भक्कम ठोकळा दिल्याविना गाडीखाली डोके घालू नये. मग पिनियनकडील शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवावे. गोल फिरविताना किंचित ढिलाई असणे स्वाभाविक आहे. वर-खाली किंवा आत-बाहेर हालचाल जाणवली, तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे.

एवढ्या परीक्षेनंतर डिफरन्शियल उघडणे भागच ठरले, तर ते काम डायल गेज व बेअरिंग काढण्याचा प्रेस असलेल्या मिस्त्रींकडेच द्यावे. परंतु काम कसे होते हे मालकाने जाणून असावे. क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरील टोप्या काढण्यापूर्वी त्यांवर डावे-उजवे अशा खुणा पंचाने कराव्यात. त्या आपापल्या जागीच घासून जुळविलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग टिकत नाही. क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली जोडी असते. त्यांतील एकच बदलणे म्हणजे आवाज विकत घेणे होय. बेअरिंगही आतील कोन व बाहेरील कप मिळूनच बदलावे.

जोडणीत मोजमाप हजारांश इंचाचे असते. दोन चाकांच्या दातांतील मोकळीक सहसा पाच-सहा हजारांशांच्या आसपास येते; नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा. शिम नावाच्या पातळ चकत्या घालून वा काढून ती साधतात. शेवटची कसोटी शेंदराची. तेलात कालवलेला शेंदूर क्राउनच्या काही दातांना लावून चाक दोन्ही दिशांना फिरविले की, पिनियन कोठे टेकतो त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यभागी हवा. तो दाताच्या माथ्याकडे गेला तर पिनियन क्राउनकडे आत घ्यावा लागतो. मुळाकडे गेला तर बाहेर. शेंदरात शिसे असते, म्हणून काम संपताच हात साबणाने धुवावेत. ज्या ठिकाणी हा ठसा तुम्हांला दाखविला जातो, तेथे काम विश्वासाने द्यावे. एका दिवसात केवळ बसवून देणाऱ्यास तो पाहण्याची सवड होत नसते.

आता 'जुन्या बाजारातील जोडी' या सल्ल्याविषयी. महायुद्धातील लष्करी विलिस जीपच्या क्राउनला ३९ व पिनियनला ८ दाते होते, म्हणजे प्रमाण ४.८८. युद्धानंतरच्या नागरी जीपला ४३ व ८ दाते आले, म्हणजे ५.३८. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्या देशात विलिस जीपची जुळणी आरंभिली, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळ्या काळच्या जीपांचे भाग बाजारात मिसळून गेले आहेत. समजा, दोन्हीकडे ५.३८ असलेल्या गाडीच्या मागे ४.८८ ची जोडी बसली. रोजच्या, दोन चाकांवरच्या चालीत काहीच कळणार नाही. गाडी उलट थोडी अधिक धावेल, आणि मिस्त्रींचे कौतुकही होईल. परंतु चारी चाकांचा गियर टाकताच मागची चाके १०० फेरे घेत असता पुढची ९१ च्या आसपासच घेऊ पाहतील. मध्ये तडजोड करणारे काही नाही, हे आपण वर पाहिलेच. चिखलात चाके घसरून हा तंटा निभावेल. कठीण जमिनीवर मात्र गियरचा दांडा अडकून बसेल किंवा काहीतरी मोडेल. तेही नेमके ज्या दिवशी गाडीची सर्वाधिक गरज असेल त्या दिवशी.

याची पडताळणी घरी करता येते. वर सांगितल्याप्रमाणे अडणी व ठोकळा लावून मागचे एक चाक उचलावे, गियर व ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये ठेवावेत, हँडब्रेक सोडावा आणि शाफ्टवर खडूची खूण करावी. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरविले की क्राउनचा एक फेरा होतो. तेवढ्यात शाफ्टचे फेरे पाचांहून तीन अष्टमांश अधिक भरले तर प्रमाण ५.३८, पाचाला एक अष्टमांश कमी पडला तर ४.८८. हीच परीक्षा पुढच्या ॲक्सलवर करावी. हब असतील तर ते लावून घ्यावेत. दोन्ही उत्तरे एक आली पाहिजेत. पुढे-मागे असमान झिजलेले टायरही लहान प्रमाणावर हाच तंटा उभा करतात, आणि म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर चारी चाकांचा गियर टाकून चालणे टाळावे.

तेव्हा आमच्या वाचकबंधूंनी ॲक्सलही बदलू नये आणि जोडीही आणू नये. आधी रस्त्यावर ऐकावे, तेल पाहावे, शाफ्ट हलवावा. नुसते बेअरिंग निघाले, तर दात शाबूत असतानाच ते बदलल्याने पुढचा मोठा खर्च टळतो. ॲक्सलचे घर वाकले वा तडकले नसेल, तर तो सगळा बदलण्याचे सहसा कारण नसते.

राहिली पावसाळ्याची गोष्ट. मृग लागण्यापूर्वी ॲक्सलवरील श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, काढून साफ करावी. ती तुंबली की तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो, आणि ते तेल ब्रेकच्या लायनरवर उतरते. धावून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतील हवा आकसून पाणी ओढून घेते. म्हणून ओढ्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबणे बरे, आणि खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर आठवड्याच्या आत तेल पाहावे. तेल ९० नंबरचे, हायपॉइड प्रतीचेच घालावे. या चाकांचे दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना साधे तेल पुरत नाही. त्याच डब्यातले तेल गियरबॉक्समध्ये मात्र न विचारता ओतू नये. त्यातील काही द्रव्ये तेथील पितळी कड्यांना मानवत नाहीत.