५४ विरुद्ध शून्य

१ डिसेंबर १९२३ रोजी टोरोंटोत क्वीन्स विद्यापीठाने रेजायनाच्या संघाला ५४-० अशी धूळ चारली. कॅनडातील फुटबॉलच्या ग्रे चषकाचा याहून एकतर्फी अंतिम सामना दुसरा नाही. गुणवत्तेचे पुजारी म्हणतील, मैदान तर सर्वांना सारखेच! परंतु मैदान होते कुणाचे? १९५५ पूर्वी एकही अंतिम सामना पश्चिमेत झाला नाही. गव्हाच्या मुलखातील पोरांना दरवेळी पूर्वेच्याच दारात जावे लागे. त्याच रेजायनात १९३३ साली को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशनने समाजवादी जाहीरनामा स्वीकारला आणि १९४४ मध्ये सस्कॅचेवान प्रांताची सत्ता मिळविली. १९६६ मध्ये तेथील संघाने ग्रे चषकही जिंकला. तो संघ आजही लोकांच्याच मालकीचा आहे. निवडणुकीतील शून्याने खचलेल्या साथींनी पराभवाची कारणे मैदानाच्या रचनेतही शोधावीत आणि पुन्हा संघटनेच्या कामाला लागावे.