पहिल्या महिन्याचा आसरा

तुटपुंज्या पैशांवर मुंबईत बस्तान बसवू पाहणाऱ्या तरुणाचा कस पहिल्याच महिन्यात लागतो. पगार महिनाअखेरीस हाती येतो. अनामत, आगाऊ भाडे आणि दलाली मात्र आधी मोजावी लागते.

गिरणगावाने यावर तोड काढली होती. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातील व घाटावरील गावांनी गावकीच्या खोल्या घेतल्या. वीस-पंचवीस जण एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत. वर्गणी अल्प, जेवण खानावळीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळी चालवणाऱ्या भगिनींना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. आता चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत.

पुनर्विकासात गावकीच्या खोलीऐवजी सदनिका मिळाली, की ती विकून रक्कम वाटून घेण्याचा मोह होणारच. ग्रामस्थ मंडळांनी तो निग्रहाने टाळावा. वाटणीची रक्कम घरोघरी लवकरच खर्ची पडेल. तीच सदनिका राखली, तर दरवर्षी गावातल्या चार-सहा होतकरू मुलांना नोकरीत स्थिरावेपर्यंत आसरा मिळेल. जुन्या खोल्या पुरुषांच्याच होत्या. नव्या व्यवस्थेत मुलींचीही सोय हवी. पूर्वजांनी घामाच्या वर्गणीतून उभारलेली ही ठेव आहे. तिचे विश्वस्त व्हावे, वाटेकरी नव्हे.