महाधमनीचा पहिला सीटी फेकू नका

महाधमनीला चीर जाऊनही वाचलेला माणूस घरी येतो तेव्हा घरचे देवापुढे नारळ फोडतात. फोडावाच. पण मिरजेत रेडिओलॉजिस्ट म्हणून रोज सीटीच्या पडद्यासमोर बसणाऱ्या मला त्या घरच्यांना एक गोष्ट सांगायची असते. हा आजार दवाखान्यात संपत नाही, पुढे वर्षानुवर्षं चालू राहतो. तो कुठल्या दिशेने निघालाय याचा अंदाज आज बऱ्यापैकी बांधता येतो, मात्र त्यासाठी आधीचं मोजमाप हाताशी लागतं. आपल्याकडे नेमकं तेच हरवलेलं असतं.

महाधमनी ही हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली की रक्त मधल्या थरात घुसतं आणि थर सोलत पुढे सरकतं. अस्तर उसवलेल्या कोटात हात बाहीऐवजी अस्तरात शिरतो, तसं. मग एकाच नळीत दोन मार्ग होतात, एक खरा आणि एक खोटा. डॉक्टर याला डायसेक्शन म्हणतात. हृदयाजवळचा भाग सोलला गेला तर तो टाइप ए. त्यात उपचार मिळाले नाहीत तर सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असं वैद्यकात पूर्वापार मानलं जातं. म्हणून तिथे धावपळ करून शस्त्रक्रियाच करावी लागते. हा भाग शाबूत असून चीर त्यापुढे, पाठीच्या कण्यालगत उतरणाऱ्या भागात असेल तर तो टाइप बी. आतडी, मूत्रपिंडं आणि पाय यांचा रक्तपुरवठा नीट असेल तर यातले बरेच जण बीपीच्या गोळ्यांवर घरी जातात. टाइप एची शस्त्रक्रिया झालेल्यांच्याही उरलेल्या महाधमनीत खोटा मार्ग पुष्कळदा राहतोच. मी लिहितेय ते या घरी गेलेल्यांसाठी.

अथणीकडचे एक शेतकरी मागे तपासणीला आले होते. पाठीत कुऱ्हाड बसावी तशी कळ आली म्हणून सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी दाखल झाले होते, टाइप बी निघालं, आठवड्याने घरी आले. त्यांच्या पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. डिस्चार्ज कार्ड होतं, औषधांची बिलं होती आणि एका पानाचा सीटी रिपोर्ट होता. फिल्म पावसाळ्यात चिकटून गेली म्हणून टाकून दिलेली, सीडी मिळालीच नव्हती. रिपोर्टमध्ये डायसेक्शन आहे एवढं लिहिलं होतं, रुंदीचा एक आकडाही नव्हता. मी मोजलं तेव्हा महाधमनी ४७ मिलिमीटर भरली. आता हे ४७ सहा महिन्यांपूर्वी ४६ होते की ४० होते? ४६ असतील तर ती वाढ म्हणायचीच नाही, कारण दोन डॉक्टरांच्या मोजण्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. ४० असतील तर भिंत झपाट्याने फुगतेय आणि आत स्टेंट घालण्याचा विचार लगेच व्हायला हवा. “मॅडम, आता दुखत नाही, मग परत मशीन कशाला?” असं त्या माउली विचारत होत्या. दुखत नाही म्हणूनच मशीन लागतं. महाधमनी फुगताना बहुधा दुखत नाही.

अंदाज बांधायला पहिल्याच सीटीत खुणा असतात. महाधमनीची रुंदी सुरुवातीलाच ४० मिलिमीटर किंवा जास्त, खोटा मार्ग २२ मिलिमीटर किंवा जास्त, चीर एक सेंटिमीटरहून मोठी किंवा कमानीच्या आतल्या वळणावर असेल, तर पुढे त्रास होण्याची शक्यता वाढते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली ८३ रुग्णांच्या अभ्यासातून जे गणित मांडलं त्यात बरगड्यांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची संख्यासुद्धा धरली होती. इतकं बारीक सगळं त्या चित्रात असतं. पाहणाऱ्याने ते लिहून ठेवायला हवं.

खोट्या मार्गातल्या गुठळीबद्दल तर नातेवाइकांचा हमखास गैरसमज होतो. गुठळी झाली म्हणजे मार्ग बंद होत आला, असं त्यांना वाटतं. मार्ग पूर्ण भरला तर ते साधारणपणे चांगलंच. अर्धवट गुठळीचं तसं नाही. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१ रुग्णांचा अभ्यास आला. खोटा मार्ग पूर्ण मोकळा असलेल्यांत तीन वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं, अर्धवट गुठळी असलेल्यांत जवळपास ३२ टक्के. रक्त आत येतं पण बाहेर पडायची वाट गुठळीने अडते आणि आतला दाब चढतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, तरी ‘अर्धवट गुठळी’ हे दोन शब्द रिपोर्टमध्ये दिसले की मी स्वतः फोन उचलून रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलते.

आजार किती संथपणे काम करतो हे युरोपातल्या ‘इन्स्टेड’ अभ्यासाने दाखवलं. गुंतागुंत नसलेल्या टाइप बीच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना औषधं आणि निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट दिला. दोन वर्षांनी जगण्या-वाचण्यात फरक दिसला नाही. पाच वर्षांनी महाधमनीमुळे झालेले मृत्यू औषधांच्या गटात १९.३ टक्के आणि स्टेंटच्या गटात ६.९ टक्के होते. यावरून सगळ्यांना सरसकट स्टेंट घाला असं मी म्हणणार नाही. त्याचे स्वतःचे धोके आहेत, पायांतली ताकद जाण्यापर्यंतचे. कुणाला तो लागेल हे ओळखायचं असेल तर रुग्ण आपल्या नजरेखाली राहिला पाहिजे, एवढाच माझा मुद्दा आहे.

डायसेक्शनच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी यांना २००५ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या ९७ व्या वर्षी, स्वतःलाच हा आजार झाला. आधी त्यांनी शस्त्रक्रिया नको म्हटलं. एकामागून एक स्कॅनमध्ये फुगवटा वाढताना दिसला आणि फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले.

आपल्याकडे पहिल्या सीटीसाठी लोक दागिने गहाण ठेवतात. एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी करायची तपासणी मात्र राहून जाते, कारण प्रत्येक वेळी काही हजार रुपये आणि एका दिवसाची मजुरी जाते. सरकारी योजना असो की खासगी विमा, डायसेक्शनच्या उपचारात या पुढच्या तपासण्या धरल्याच पाहिजेत. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनाही माझं आग्रहाचं सांगणं आहे. महाधमनी ठरलेल्या ठिकाणी, नळीला काटकोनात मोजा. वळणावर तिरकं मोजलं की आकडा फुगतो. चीर कुठे आणि केवढी, खोट्या मार्गात गुठळी किती, कुठल्या अवयवाची रक्तवाहिनी कुठल्या मार्गातून निघते, हे लिहा. सीडी किंवा पेनड्राइव्ह दिल्याशिवाय रुग्णाला जाऊ देऊ नका.

घरच्यांच्या हातातही बरंच आहे. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. वरचा आकडा १३० च्या आत ठेवायचा. तंबाखू आणि मिश्री बंद. पोती उचलणं बंद. लघवीच्या जळजळीवर दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन आणून घेऊ नका. या गटातल्या औषधांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी डायसेक्शन झाल्याचं आधी सांगा. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची महाधमनीही एकदा तपासून घ्या. काही घराण्यांत हा आजार वारशाने येतो.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पहिल्या सीटीची सीडी कुठे आहे ते आज शोधा. सापडली नाही तर जिथे तपासणी झाली तिथे जाऊन प्रत मागा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत न्या.